हालेमाउमाऊची रोजकीर्द

ज्वालामुखी म्हटला की सामान्य वाचकाच्या मनःचक्षूंसमोर जे चित्र उभे राहते ते भरून आलेल्या, काठावरून ओसंडणाऱ्या आणि आसमंतातील गावे गिळंकृत करणाऱ्या अग्निकुंडाचे असते. कुंड रिते होत आहे, तळ खोल चालला आहे, रात्रीचा उजेड मंदावला आहे, अशी वार्ता कोणी आणली तर तो सुटकेचा निःश्वास टाकील. हवाई बेटावर किलाउएआ नावाच्या पर्वताच्या माथ्यावर हालेमाउमाऊ म्हणून जे विवर आहे, त्याच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाने हा समज साफ उलटा पाडला आहे. तेथे विवर भरत असण्याचा काळ हा बहुधा प्रवाशांचा, चित्रकारांचा आणि खाणावळवाल्यांचा काळ ठरला, आणि संहार म्हणून जो झाला तो विवर रिकामे होण्याच्या पोटी झाला. ही गोष्ट मनुष्यास कळली ती केवळ एवढ्यामुळे, की कोणा ना कोणा इसमाने त्या विवराच्या काठावर बसून आज तळ किती खोल आहे हे लिहून ठेवण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला. प्रस्तुत लेखाचा विषय जितका ते विवर आहे, तितकेच ते दफ्तरही आहे.

किलाउएआला पर्वत म्हणावे की नाही अशीच शंका प्रथमदर्शनी येते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम साडेबाराशे मीटर, उतार इतका सौम्य की आपण चढ चढतो आहोत हे वाटसरूच्या ध्यानातही येऊ नये, आणि शेजारी मौना लोआचा चार हजार मीटरांहून उंच देह पसरलेला, त्यामुळे हा त्याचाच एक खांदा असावा असे पुष्कळ दिवस मानले जाई. परंतु माथ्यावर पोहोचताच जमीन एकाएकी संपते आणि समोर सुमारे पाच किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे उभ्या कड्यांनी वेढलेले महाकुंड दृष्टीस पडते. या महाकुंडाच्या नैर्ऋत्येस, त्याच्याच तळात, दुसरे विवर आहे ते हालेमाउमाऊ. हवाईच्या जनांच्या श्रद्धेप्रमाणे पेले या अग्निदेवतेचे हे निवासस्थान.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आणि हवाईचा लाव्हा ही एकाच बेसॉल्ट कुळातील भावंडे आहेत, आणि दख्खनच्या कातळातील थरांची वर्गवारी करताना आमचे भूशास्त्रज्ञ ‘पाहोइहोइ’ आणि ‘आआ’ हे जे शब्द योजतात ते हवाईहूनच आले आहेत. मात्र आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून पसरला, त्याचे ज्वलंत मुख आज कोठे उरलेले नाही, आणि त्या प्रकाराचा साक्षीदार तर कोणी नव्हताच. (लोणारचे विवर पाहून कित्येकांची गल्लत होते; ते उल्कापाताने झालेले आहे, ज्वालामुखीने नव्हे.) तेव्हा आपल्या पायाखालचा दगड जिवंतपणी कसा वागत असे हे ज्यास जाणावयाचे आहे, त्याने सातासमुद्रांपलीकडील या विवराची कागदपत्रे वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

या पर्वताचा व्यवहार सावकाराच्या कीर्दवहीसारखा आहे. भूगर्भातून वर येणारा शिलारस हालेमाउमाऊच्या खाली एक-दोन किलोमीटरांवर असलेल्या कोठीत आणि तिच्याही खालच्या दुसऱ्या, अधिक मोठ्या कोठीत जमा होत राहतो. जमा वाढली की माथा किंचित फुगतो, रस विवराच्या धुराड्यातून वर चढतो आणि तळाशी तळे होऊन उसळू लागतो. खर्चाच्या वाटा दोन. पूर्वेस आणि नैर्ऋत्येस पर्वताच्या पोटात भेगांचे दोन पट्टे समुद्रापर्यंत गेलेले आहेत. त्यांपैकी एखादा उघडला की कोठीतील रस आडवा त्या बाजूस वाहू लागतो, माथा बसतो, आणि विवरातील तळे बघता बघता खाली उतरते. मग पोकळ झालेल्या जागेच्या भिंती आधारावाचून आत कोसळू लागतात. विवराची रुंदी अशाच कोसळण्यांनी वाढत आलेली आहे. उद्रेकांनी ते रुंदावले अशी जी भाविक समजूत असते तिला फारसा आधार नाही.

परकीयांच्या लेखण्या तेथे पोहोचण्यापूर्वीचा इतिहास हवाईच्या लोकांनी कथांतून जतन केला. १७९० साली, बेटाच्या सत्तेसाठी लढणाऱ्या कामेहामेहाचा प्रतिस्पर्धी केओउआ आपले सैन्य, बायकामुलांसह, तीन तुकड्या करून किलाउएआच्या बाजूने काऊ प्रांताकडे नेत असता विवराचा स्फोट झाला. पुढची तुकडी कशीबशी निसटली. मागची तुकडी त्या जागी पोहोचली तेव्हा मधल्या तुकडीतील माणसे, कोणी बसलेली, कोणी एकमेकांस कवटाळलेली, अशीच मरून पडलेली तिला आढळली. तप्त वाफ व राख यांच्या लोटाने त्यांचा प्राण घेतला असावा असे आजचे शास्त्रज्ञ सांगतात. केओउआवर देवी रुष्ट आहे आणि कामेहामेहावर प्रसन्न, असा निवाडा त्या काळच्या लोकांनी दिला, आणि राजकारणात त्याचा जो व्हावयाचा तो परिणाम झाला.

१ ऑगस्ट १८२३ रोजी विल्यम एलिस हा इंग्रज मिशनरी, आसा थर्स्टन आदी अमेरिकन धर्मोपदेशकांसमवेत, महाकुंडाच्या काठाशी आला. त्याने जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात धर्मोपदेशकाचा त्रागा थोडा आणि डोळस निरीक्षकाचे कुतूहल अधिक आहे, ही त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. खाली पेटलेल्या रसाचा विस्तीर्ण पृष्ठभाग आणि त्यातून वर आलेले एक्कावन्न शंकू त्याने मोजले. परंतु मला त्याच्या दोन नोंदी याहून मोलाच्या वाटतात. पहिली अशी की कड्याच्या पुष्कळ खाली, चहूबाजूंनी, घट्ट झालेल्या काळ्या लाव्हाची एक रुंद कड गेलेली होती. रस पूर्वी तेथवर भरलेला असून नुकताच भूगर्भातील वाटेने समुद्राकडे निघून गेला असला पाहिजे, हे अनुमान त्याने तत्क्षणी बांधले, आणि ते बरोबर होते. दुसरी नोंद बरोबरच्या हवाईवासीयांच्या सांगण्याची. त्यांनी एलिसला सांगितले की हा अग्नी सृष्टीच्या आरंभापासून जळत आहे. पूर्वी तो काठोकाठ भरून बाहेरच्या मुलखावर वाहत असे. परंतु पुढे अनेक राजांच्या कारकिर्दीत तो पठाराच्या पातळीखालीच राहिला, खोल आणि रुंद होत गेला, आणि अधूनमधून मोठ्या गर्जनेने दगड फेकू लागला. अलीकडे राखेचे आणि दगडांचे थर तपासून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष याहून फार निराळा नाही: सुमारे पाचशे वर्षांपूर्वी माथा खचून महाकुंड झाले, आणि त्यानंतर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, कुंड खोल होते तोवर, पर्वत मुख्यतः स्फोटांनीच बोलत होता. ज्यांस निरक्षर म्हणून त्या काळचे पाहुणे कनवाळूपणे संबोधत, त्यांच्या स्मरणातील ही बखर तीनशे वर्षांचा हिशेब बिनचूक सांगत होती.

एलिसनंतर पाहुण्यांची रीघ लागली. १८२४ च्या डिसेंबरात कापिओलानी ही नवख्रिस्ती सरदारीण, पेलेचा कोप होत नाही हे प्रजेस दाखवण्यासाठी, देवीस अर्पण न करता तिची ओहेलो फळे खाऊन कुंडात उतरली आणि सुखरूप परतली. मिशनऱ्यांनी या प्रसंगाचा जयघोष केला तो स्वाभाविकच होता. तथापि काठावर पेलेस पाने-फुले वाहणारे हात आजतागायत थांबलेले नाहीत. १८६६ साली मार्क ट्वेन आला, १८७३ साली इझाबेला बर्ड आली, आणि दोघांनीही आपापल्या स्वभावधर्माप्रमाणे लिहिले. दफ्तराच्या दृष्टीने पाहता त्यांच्यापेक्षा टायटस कोन या, बेटावरील हिलो गावच्या पाद्र्याचे ऋण मोठे आहे. १८३५ पासून जवळजवळ अर्धशतक हा मनुष्य हिलोत राहिला, आणि पर्वतावर काही हालचाल झाली की तेथे जाऊन त्याची सविस्तर पत्रे अमेरिकेतील विद्वानांस रवाना करीत राहिला.

१८४० साली कुंडाने आपला पहिला सुबक दाखला दिला. कित्येक वर्षे भरत आलेला तळ त्या वर्षीच्या मे महिन्यात खचला, रस पूर्वेच्या भेगांतून वाट काढत नानावाले येथे समुद्रास मिळाला, आणि त्याचा उजेड असा पडला की चाळीस मैलांवर मध्यरात्री बारीक छापील मजकूर वाचता येई, असे कोनने नमूद केले आहे. त्याच वर्षअखेर जेम्स ड्वाइट डेना हा तरुण भूशास्त्रज्ञ अमेरिकन आरमारी मोहिमेबरोबर तेथे आला. त्याच्यासमोर रिकामे कुंड होते. पुढे ते कसे भरले हे मात्र त्यास कोन आणि इतरांच्या कागदांवरूनच कळावयाचे होते, आणि त्यात एक विलक्षण गोष्ट निघाली. रस वरून थर टाकत तळ उंचावतो हे तर होतेच. परंतु १८४६ साली चेस्टर लायमन तेथे गेला तेव्हा त्यास तळावर दगडांच्या तुकड्यांचा एक लांब वर्तुळाकार बांध आढळला, आणि विचारांती असे दिसले की कड्याच्या पायथ्याशी साचलेली दगडांची रास तळाबरोबर जशीच्या तशी वर उचलली गेली होती. म्हणजे कुंड वरून भरत होते त्याच वेळी खालून रसाच्या दाबाने त्याचा संपूर्ण तळच वर सरकत होता. डेनाने हे प्रकरण आयुष्यभर सोडले नाही; १८८७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा त्या काठावर उभा राहिला आणि तीन वर्षांनी ज्वालामुखींवरील आपला ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला.

डेनाच्या साधनांपैकी एक साधन खाणावळीची वही होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. काठावरील व्होल्कॅनो हाउस या विश्रांतिगृहात १८६५ पासून पाहुण्यांसाठी एक नोंदवही ठेवलेली होती. तीत जेवणाची स्तुती, थंडीची तक्रार, पद्यरचनेचे अयशस्वी प्रयत्न यांच्या जोडीने ‘आज दक्षिणेच्या तळ्यात रस इतका उंच’, ‘काल रात्री तळ खचला’ अशा नोंदी आहेत, आणि शास्त्राला पुढे त्याच हव्या होत्या. १८६८ च्या २ एप्रिलला काऊ प्रांतात जो प्रचंड भूकंप झाला त्याने किनाऱ्यावरची खेडी समुद्राच्या लाटेखाली गेली आणि कुंडाचा मधला भाग खोल बसला. येथे मात्र जमीन आधी हादरली आणि रस नंतर निघून गेला, म्हणून माझ्या आरंभीच्या विधानास हा प्रसंग पुरावा म्हणून लावण्याचा मोह मी आवरतो. यानंतर १८८६, १८९१, १८९४ अशी रिकामे होण्याची प्रकरणे लागोपाठ आहेत. दरम्यान राज्यही बदलले. १८९३ साली राणी लिलिउओकालानीस पदच्युत करण्यात आले आणि १८९८ साली अमेरिकेने ती बेटे खालसा केली. त्या उठावातील एक प्रमुख असामी लॉरिन थर्स्टन. एलिसबरोबर १८२३ साली विवर पाहणाऱ्या आसा थर्स्टनचा हा नातू. राणीच्या बाबतीत त्याच्या वर्तनाचा निवाडा इतिहासाने कठोरपणे करावा हे योग्यच. परंतु पुढे विवराच्या काठावर कायमची वेधशाळा उभी राहिली तिला पैसा आणि पाठबळ मिळवून देण्यात याच मनुष्याचा हात होता, हेही लपवता येत नाही.

ही वेधशाळा थॉमस जॅगर याच्या एका निर्धारातून निघाली. १९०२ साली मार्टिनिक बेटावरील पेले पर्वताच्या उद्रेकात सेंट पिएर नगरातील सुमारे अठ्ठावीस हजार माणसे काही मिनिटांत नष्ट झाली, तेव्हा पाहणीस गेलेल्यांत हा तरुण प्राध्यापक होता. (पर्वताच्या आणि देवीच्या नावांतील साम्य केवळ योगायोगाचे आहे.) तेथे त्यास कळून चुकले की विद्वान मंडळी नेहमी प्रेते मोजावयास पोहोचतात, ज्वालामुखी समजावयाचा तर त्याच्या दाराशी मुक्काम ठोकून, काही घडत नसतानाही, रोज पाहिले पाहिजे. नगरे यापुढे गिळली जाऊ नयेत, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याने पुढे आपल्या कागदांवर छापले. १९११ च्या उन्हाळ्यात त्याने फ्रँक पेरेट आणि शेफर्ड यांस आघाडीवर धाडले. त्या दोघांनी विवरावर आडवी तार ताणून तिच्यावरून विद्युत तापमापक खाली सोडला, आणि तो रसाच्या स्वाधीन होण्यापूर्वी सुमारे १००० अंश सेल्सियसचे मान त्यांस मिळाले. १९१२ च्या आरंभी जॅगर स्वतः कायमच्या वास्तव्यास आला. भूकंपमापकांसाठी तळघर हवे होते. राख आणि झामा यांच्या थरांतून ते खणण्याचे काम सरकारी कैद्यांकडून करवून घेण्यात आले.

त्या वेळी हालेमाउमाऊत लाव्हाचे तळे बहुतेक काळ जिवंत असे, आणि १९२४ पर्यंतची ही बारा वर्षे त्या विवराच्या चरित्रातील सर्वांत तपशीलवार लिहिलेले प्रकरण होय. तळ्यावर काळसर करडी साय धरे, तिला लाल रेषांनी तडे जात, मग एक एक तुकडा कलून रसात बुडे, आणि तो बुडाला त्या ठिकाणी कारंजी उसळत. १९१२ च्या मे महिन्यात आर्थर डे आणि शेफर्ड हे तळापर्यंत उतरले, एका धगधगत्या घुमटात लोखंडी नळी खुपसून त्यांनी काचेच्या नळ्यांत वायू भरून घेतला, आणि त्यात पाण्याची वाफ मुबलक निघाली. शिलारसात पाणी नसतेच, असे ठासून सांगणाऱ्या जिनिव्हाच्या ब्रून या विद्वानास हे उत्तर होते. १९१७ साली जॅगरने तळ्यात पोलादी नळ्या ढकलून त्याची खोली मोजली. लोक ज्यास अथांग समजत होते ते तळे केवळ चौदा मीटर भरले! त्याखाली अर्धवट घट्ट झालेला, परंतु हळूहळू वरखाली सरकणारा, दुसरा रस होता. वर खेळणारे तळे म्हणजे त्या जड देहावरील उथळ थर होता. लायमनने १८४६ साली पाहिलेला उचललेला बांध आठवला म्हणजे या शोधाचे मोल ध्यानात येते. १९१९ च्या उन्हाळ्यात तर चंद्रसूर्यांच्या आकर्षणाने या तळ्यासही भरती-ओहोटी येते की काय हे पाहण्यासाठी, दर वीस मिनिटांनी, दिवसरात्र, सुमारे महिनाभर पातळी मोजण्यात आली. चंद्रगतीचा वाकबगार ज्योतिषी अर्नेस्ट ब्राउन याने ते आकडे पिंजून काढले आणि परिणाम आहे, पण अत्यल्प, असा निकाल दिला. महिनाभर रात्री जागवून हाती आलेला हा निकाल कोणास हास्यास्पद वाटेल. मला तरी अशा हिशेबी चिकाटीपुढे मान तुकवावीशी वाटते. भूकंपमापकाचे लंबक दिवसेंदिवस एका बाजूस सरकतात, ती यंत्राची खोड नसून माथा फुगल्याने जमीनच कलते आहे, हेही याच काळात उमगले. त्यामुळे डोळ्यांस न दिसणारी कोठीतील जमा वाचण्याचे साधन वेधशाळेच्या हाती आले.

१९२४ च्या फेब्रुवारीत तळे उतरू लागले आणि दिसेनासे झाले. आजवर असे अनेकदा झालेले होते, म्हणून कोणी फारशी धास्ती घेतली नाही. परंतु एप्रिलच्या उत्तरार्धात पूर्व टोकास कपोहो गावाच्या आसपास शेकडो भूकंप झाले, जमिनीला भेगा पडल्या, किनारा खचून समुद्राचे पाणी आत आले. रस त्या दिशेने भूमिगत वाटेने निघाला आहे हे त्यावरून स्पष्ट होत होते. विवराचा तळ एप्रिलअखेर पुन्हा घसरू लागला. १० मेच्या रात्री पहिला स्फोट झाला, आणि सकाळी निरीक्षकांस काठावर मोठमोठे दगड विखुरलेले आढळले. जॅगर त्या वेळी बेटावर नव्हता. त्याचा सहकारी रूय फिंच याच्यावर सारी जबाबदारी होती, आणि त्याने प्रेक्षकांस दूर ठेवण्याची तजवीज वेळीच केली. पुढचे अडीच आठवडे पन्नासांहून अधिक स्फोट झाले: काळ्या फुलकोबीसारखे ढग कित्येक किलोमीटर चढत, त्यांत विजा कडाडत, राखमिश्रित चिखलाचा पाऊस पडे आणि कित्येक टन वजनाचे धोंडे काठाबाहेर भिरकावले जात. १८ मेचा स्फोट सर्वांत मोठा. छायाचित्र घेण्यासाठी फार जवळ गेलेला उसाच्या मळ्यावरील एक हिशेबनीस त्यात सापडला आणि प्राणास मुकला. त्या प्रकरणातील बळी तो एवढाच.

धूळ बसल्यावर काठाशी गेलेल्यांनी पाहिले की विवराचा व्यास सुमारे दुप्पट झाला आहे आणि तळ चारशे मीटरांच्या आसपास खोल गेला आहे. फेकलेले दगड तपासता ते सारे जुन्या भिंतींचे होते. ताज्या लाव्हाचा त्यात अंश नव्हता. जॅगर आणि फिंच यांनी खुलासा केला तो असा, की रस भूजलाच्या पातळीखाली उतरताच चहूबाजूंचे पाणी तापलेल्या धुराड्यात शिरले, वरून कोसळलेल्या दरडींनी त्याचे तोंड बुजले, आणि कोंडलेल्या वाफेने बूच उडवले. हा खुलासा पुष्कळ दशके सर्वमान्य होता. इतक्या तप्त खडकात पाणी इतक्या त्वरेने शिरू शकते काय, अशी शंका पुढे काही संशोधकांनी काढली आहे आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. वादात न पडणाऱ्यानेही एवढे पाहावे, की बारा वर्षे काठाजवळ उसळणाऱ्या तळ्याने जे केले नाही ते रिकाम्या खड्ड्याने अडीच आठवड्यांत केले.

त्यानंतर भरपाई चालू झाली ती मोठ्या चिकूपणाने. १९२४ च्या जुलैपासून १९३४ पर्यंत सात उद्रेक झाले, सातही विवराच्या तळाशीच. आणि मग जवळजवळ अठरा वर्षे रसाचा थेंब दिसला नाही. जॅगर १९४० साली निवृत्त झाला. २७ जून १९५२ रोजी हालेमाउमाऊ पुन्हा पेटले आणि १३६ दिवस पेटत राहिले. ही वार्ता त्या वृद्धाच्या हयातीत आली, पुढच्या जानेवारीत तो वारला. १९६७-६८ साली २५१ दिवस चाललेल्या उद्रेकाने तळ आणखी उंचावला, आणि १९२४ ची तूट बरीचशी भरून निघाली.

शेजारच्या किलाउएआ इकी या विवराची गोष्ट निराळी असली तरी सोडवत नाही. १४ नोव्हेंबर १९५९ पासून पाच आठवड्यांत तेथे सतरा वेळा कारंजे उसळले, एकदा तर ५८० मीटरांपर्यंत. आणि दर खेपेस उसळणे थांबले की तळ्यातील रसाचा मोठा भाग, आल्या वाटेने, गर्जत परत कोठीत उतरे. अखेर शंभर मीटरांहून खोल जे तळे उरले त्याच्या सायीवर पुढे संशोधकांनी चालत जाऊन छिद्रे पाडली, आणि ते पूर्ण गोठावयास साधारण पस्तीस वर्षे लागली असे आढळले. परत उतरलेला रस स्वस्थ थोडाच बसणार? १३ जानेवारी १९६० रोजी तो पूर्वेच्या पट्ट्यात कपोहोजवळ बाहेर पडला, आणि १९२४ साली हादरलेले ते गाव या खेपेस लाव्हाखाली गाडले गेले.

१९८३ पासून पस्तीस वर्षे मुख्य खर्च पूर्वेच्या पुउ ओओ या मुखातून चालला होता. २००८ साली हालेमाउमाऊच्या तळात नवे छिद्र पडून तेथेही तळे झाले आणि जॅगरच्या काळासारखी माणसे रात्री काठावर जमू लागली. २०१८ च्या एप्रिलअखेर पुउ ओओचा तळ कोसळला, ३ मे रोजी पूर्वेच्या वस्तीत रस्त्यांतून लाव्हा निघाला, आणि माथ्यावरील तळे काही दिवसांत नाहीसे झाले. पुढचा क्रम १९२४ चे दफ्तर वाचलेल्यांस अपरिचित नव्हता. परंतु त्याचे मान मात्र कोणाच्याच कल्पनेतले नव्हते. ऑगस्टच्या आरंभापर्यंत महाकुंडाचा तळ बासष्ट वेळा धक्क्याधक्क्याने खचला, प्रत्येक धक्का सुमारे पाच रिश्टरच्या भूकंपाच्या तोलाचा. हालेमाउमाऊ पाचशे मीटरांहून अधिक खोल झाले आणि सुमारे ऐंशी कोटी घनमीटर पोकळी पडली. खाली सातशेंहून अधिक घरे व इमारती गेल्या आणि कपोहोची खाडी लाव्हाने भरून निघाली. काठावरील वेधशाळेची इमारत भेगाळली, आणि निरीक्षकांस शंभर वर्षांचे ठाणे सोडून हिलोस जावे लागले.

२०१९ च्या जुलैअखेर त्या खोल तळाशी हिरवट पाणी दिसू लागले. हवाईच्या पुराणात अशी कथा आहे की प्रियकर लोहिआऊचे शव पेलेने विवरात गाडले तेव्हा तिची बहीण हिइआका संतापाने विवर खणत सुटली, आणि आणखी खणले तर पाणी लागून पेलेचा अग्नी विझेल या भयास्तव तिला थांबवण्यात आले. पाचशे वर्षांपूर्वी माथा खचल्याची आठवण या कथेत असावी असे काही भूशास्त्रज्ञ म्हणतात. विवराच्या तळाशी भूजल असते ही जाण त्या कथेत आहे हे तर उघडच आहे. पाणी वाढत गेले, त्याचा रंग तांबूस-तपकिरी झाला, पृष्ठभाग सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापलेला. २०२० च्या डिसेंबरात ते पन्नास मीटरांच्या आसपास खोल झाले. १९२४ चा स्फोट पुन्हा होतो की काय ही चिंता जाणत्यांस होती. २० डिसेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास विवराच्या भिंतीत फुटलेल्या मुखांतून लाव्हा वरून पाण्यात कोसळला, वाफेचा प्रचंड स्तंभ चढला, आणि काही तासांत सारे पाणी आटून गेले. मोठा स्फोट झाला नाही. पाणी रसाच्या वर होते, कोंडलेले नव्हते, हे त्याचे कारण असावे. त्याच तळावर लाव्हाचे तळे साचले, २०२१ च्या मेपर्यंत ते सव्वादोनशे मीटरांहून खोल झाले, आणि घट्ट खडकाची बेटे त्यावर कित्येक आठवडे तरंगत होती.

तेव्हापासून भरपाई खंडाखंडाने चालू आहे. २३ डिसेंबर २०२४ पासून तर विवरातील दोन मुखांतून थांबून थांबून कारंजी उडत असून त्यांतील काही तीनशे मीटरांहून उंच गेली आहेत, आणि राख व हलका झामा वाऱ्याबरोबर शेजारच्या महामार्गावर पडून तो अधूनमधून झाडून काढावा लागतो. एक खेप काही तासांत संपते, माथा तेवढ्यात बसतो, आणि मग काही दिवस वा काही आठवडे कोठी भरत असताना हळूहळू पूर्ववत् फुगतो. हिलोतील निरीक्षक कलमापकांचे आकडे पाहून मागच्या खेपेस गेलेल्यापैकी किती परत जमा झाले हे ठरवतात, त्यावरून पुढच्या उद्रेकाची मुदत जाहीर करतात, आणि पेलेने ती पाळली नाही तर दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात नवी मुदत लिहितात.